पोटरी जाड, घोटा बारीक: कॉम्प्रेशन स्टॉकिंगचं माप कुठे चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४७. शाळेत शिकवते, दिवसाचे सहा तास उभी असते. दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या आहेत, संध्याकाळी पाय सुजतात. डॉक्टरांनी गुडघ्याखालपर्यंतचे क्लास २ चे कॉम्प्रेशन स्टॉकिंग, म्हणजे पायावर दाब देणारे घट्ट मोजे, लिहून दिले. मेडिकलवाल्याने वजन आणि चपलेचा नंबर विचारून 'लार्ज' काढून दिले. ते पोटरीवर चढता चढत नाहीत, चढले की गुडघ्याखाली रुततात आणि वळ उठतात. म्हणून डबल एक्सएल आणले, तर घोट्याशी सुरकुत्या. पोटरीचा घेर १९ इंच आहे, घोटा साडेनऊ. दोन वर्षांपासून शुगर आहे. माझ्यासारख्या जाड पायांसाठी हे बनतच नाहीत का?"

ताई, बनतात. तुमच्या पायात काही खोट नाही. तुमचं माप कोणी घेतलंच नाही, एवढीच गोष्ट आहे. वीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे, त्यातली शेवटची बारा फक्त सुजलेल्या पायांची, आणि माझ्याकडे "मला हे मोजे सहन होत नाहीत" म्हणत येणाऱ्या बहुतेक जणींची गोष्ट अशीच असते. अंगाने भरलेली बाई दुकानात जाते, समोरचा तिच्याकडे बघून अंदाजाने खोका काढतो, दोन दिवसांत पाय सोलवटतो आणि मोजे कपाटात जातात. मग चार-पाच वर्षांनी घोट्याजवळची कातडी काळी पडून, कडक होऊन, कधी जखम घेऊन ती येते. हे मला फार लागतं, कारण फितीने दहा मिनिटं माप घेतलं असतं तर ते टळलं असतं.

आधी हे मोजे काय करतात ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आपण नुसते उभे असलो की घोट्याजवळच्या शिरांमध्ये ८० ते ९० एमएमएचजी, म्हणजे तितके मिलिमीटर पाऱ्याचा दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताचंच ते वजन. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू दर पावलाला शिरा पिळून रक्त वर ढकलतो, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि हाच दाब ३० च्या खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. बाहेरून आधार द्यायचा तो याच्यासाठी, आणि तो घोट्याशी सर्वांत जास्त, वर जाताना कमी कमी होत गेलेला हवा. ही कल्पना कॉनराड जोब्स्ट या इंजिनिअरला स्वतःच्या पायावरून सुचली. जर्मनीतून अमेरिकेत गेलेला हा माणूस शिरांच्या जखमांनी बेजार होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके होतात, हे त्याच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे पावलाशी सर्वांत जास्त. तसाच दाब कापडात आणायचा म्हणून त्याने १९५० च्या सुमारास असे मोजे तयार केले. विहिरीत उतरून उभं राहिल्यावर पायांना जे बरं वाटतं, तेच हे.

आता तुमच्या अडचणीकडे येते. एकच रबर बारीक काठीवर चढवलं आणि जाड वाशावर चढवलं, आणि दोन्हीकडे ताण अगदी सारखा ठेवला, तर काठीवर दाब जास्त पडतो. घेर जितका मोठा तितका त्याच ताणाचा दाब कमी. म्हणून घोटा बारीक आणि पोटरी जाड ही रचना या मोज्यांना मुळात सोयीचीच आहे. बिघडतं ते दुसरीकडे. तुमच्या 'लार्ज' मोज्याची पोटरी समजा ४० सेंटिमीटरसाठी विणली आहे आणि तुमची ४८ आहे. तिथलं कापड त्याच्या हद्दीपलीकडे ताणलं जातं, ताण वाढतो, आणि दाबाची उतरण उलटी होते: खाली कमी, वर जास्त. गुडघ्याखाली फास आवळल्यासारखं होतं. रक्त वर जायचं तर तिथेच अडतं, पाऊल आणखी सुजतं, आणि तुम्हाला वाटतं मोज्यांनी सूज वाढली. खरंच वाढवलेली असते.

डबल एक्सएलचं उलट झालं. तो मोठ्या घोट्यासाठी विणलेला. तुमच्या साडेनऊ इंची, म्हणजे २४ सेंटिमीटरच्या घोट्यावर तो पिशवीसारखा लोंबतो, जिथे दाब हवा तिथेच मिळत नाही, आणि सुरकुती पडली की त्या रेषेवर मात्र दोरी बांधल्यासारखा रुततो. ही चूक मीही केली आहे. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. पोळीभाजी केंद्रात आठ तास शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या एका ताईंना पोटरीवर बसेल असा मोठा नंबर मीच हाताने दिला, सैल बसला म्हणून त्या खूश होऊन गेल्या. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा घोट्याच्या घडीत सुरकुतीच्या जागी लालबुंद रेघ होती आणि पावलाचा वरचा भाग पावासारखा फुगलेला. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एकच नियम आहे: साइज घोटा ठरवतो. पोटरी ठरवते ती त्या साइजमधली रुंदी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुकानात त्या एकच समजल्या जातात.

माप असं घ्या. सकाळी उठल्या उठल्या, पाय जमिनीवर टेकवून फार वेळ झालेला नसताना. संध्याकाळचं माप म्हणजे सुजेचं माप. शिंप्याकडे असते ती कापडी फीत घ्या, सेंटिमीटरची बाजू वापरा, आणि बॉलपेनने सरळ पायावर खुणा करा. पहिली खूण घोट्याच्या हाडाच्या वर, पाय जिथे सर्वांत बारीक आहे तिथे. दुसरी पोटरीच्या सर्वांत जाड जागी. तिथे अंदाज करू नका, फीत वरखाली सरकवून मोठ्यात मोठा आकडा शोधा. तिसरी गुडघ्याच्या मागच्या घडीच्या दोन बोटं खाली, कारण मोजा तिथे संपणार आहे. या तिन्ही जागी घेर मोजा आणि जमिनीपासून तिसऱ्या खुणेपर्यंतची उंचीही लिहा. फीत कातडीला टेकली पाहिजे, कातडीत शिरता कामा नये. दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. स्वतः वाकून मोजलं की पोटरी आवळली जाते आणि आकडा बदलतो. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. उजवा-डावा दीड-दोन सेंटिमीटरने वेगळा निघणं रोजचं आहे, आणि त्याहून जास्त फरक असेल तर तो डॉक्टरांना सांगा.

उंचीचं माप लोक गाळतात आणि भरदार पोटरीच्या बायकांचं अर्धं दुखणं तिथेच असतं. आपल्याकडच्या बऱ्याच जणींचे गुडघ्याखालचे पाय आखूड. लांब मोजा घातला की वर चार बोटं कापड उरतं. मग एकतर ते गुडघ्याच्या घडीत जातं, नाहीतर आपण ते दुमडतो. दुमडलं म्हणजे त्या पट्टीवर दुप्पट दाब, तोही पोटरीच्या वर, जिथे सर्वांत कमी हवा. तुमचे वळ मला याच जातीचे वाटतात. एकदा हात लावून बघा, तुम्ही दुमडता का, किंवा वरचं कापड गोळा झालेलं असतं का. जास्तीचं कापड वर ओढून ठेवायचं नसतं, रबरी हातमोज्याने खाली घोट्याकडे पसरवून द्यायचं असतं. आखूड लांबीचे मोजे वेगळे मिळतात, खोक्यावर तसं छापलेलं असतं, मागावं लागतं.

आता चार आकडे हातात घेऊन तक्ता वाचा. घोटा २४ ज्या रांगेत बसतो ती तुमची साइज. त्या रांगेत पोटरी बघा. मी रोज ज्या खोक्यांवरचे तक्ते बघते त्यांत या घोट्यासमोरची नेहमीची पोटरी चाळिशीच्या आसपास संपते. काही कंपन्या त्याच घोट्यासाठी रुंद पोटरीची आवृत्ती काढतात, ती आणखी चार-सहा सेंटिमीटर देते. तुमचे ४८ त्यातही बसतील की नाही हे तक्ता सांगेल. काठावर बसत असतील तर घेऊ नका. नवा मोजा काठावर बसला म्हणजे दुपारी शाळेत सुजलेला पाय त्याच्या बाहेर गेलाच. आणि तयार मालात बसलं नाही, तर शरीराला दोष न देता मापाचा शिवून घ्यायचा. ब्लाउज शिवून घेताना आपण संकोच करतो का?

मापाच्या मोज्यांत दोन प्रकारची वीण असते आणि हा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. गोल विणीचा मोजा नळीसारखा विणतात, त्याला शिवण नसते. त्यात टाके सगळीकडे सारखेच असतात आणि आकार येतो तो टाका सैल-घट्ट करून. म्हणून घोटा आणि पोटरीत फार तफावत असली की त्याची हद्द संपते. सपाट विणीचा मोजा स्वेटरच्या पाठीसारखा सपाट विणतात, हव्या त्या ओळीत टाके वाढवतात-घटवतात आणि मागून शिवण घालतात. त्यामुळे तो कोणत्याही आकाराच्या पायाचा होतो. कापड जाड आणि ताठ असतं, म्हणून मांसाच्या घडीत शिरत नाही, घडीवरून जातं. दिसायला तलम नसतो, किंमत कित्येक पट असते, यायला आठवडे लागतात. तरी घोट्याच्या दुप्पट पोटरी असेल तेव्हा मी सहसा याच्याकडेच वळते. तुमची अगदी दुप्पट आहे.

तिसरा मार्ग वेल्क्रोच्या पट्ट्यांचा. पायाभोवती गुंडाळायचं आवरण, एकेक पट्टा खालून वर लावत यायचं. हे कापड फारसं ताणत नाही, त्यामुळे बसल्यावर पाय आवळल्यासारखा वाटत नाही आणि चालताना पोटरीचा स्नायू त्याच्यावर जोर देतो तेव्हा दाब चांगला मिळतो. सूज उतरली की पट्टा तेवढाच ओढून घ्यायचा. पन्नासच्या पुढची पोटरी, बोटांचा संधिवात, किंवा घरात मोजे चढवून द्यायला कोणी नाही, अशांना मी हे सुचवते. साडीखाली दिसत नाही, सलवारीत मात्र फुगतं.

पण थांबा, माप घेण्याआधी एक पायरी आहे. तुमची सूज सकाळपर्यंत पूर्ण उतरते का? नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर पाणी अजून आहे. अशा पायाचं माप घेऊन महागडा मोजा शिवलात तर महिन्याभरात तो ढगळ होईल. आधी दोन-तीन आठवडे कमी ताणाचे बँडेज रोज किंवा एक दिवसाआड प्रशिक्षित हाताने बांधून सूज उतरवायची, पाय स्थिर झाला की त्याच दिवशी माप. घरच्या क्रेप बँडेजने हे करू नका. आपण पोटरीवर जोर लावून बांधतो आणि घोट्यावर सैल, म्हणजे पुन्हा उलटी उतरण.

'क्लास २' या शब्दावरही विसंबू नका. जर्मन मानकाचा क्लास २ म्हणजे २३ ते ३२ एमएमएचजी, ब्रिटिश मानकाचा १८ ते २४, आणि अमेरिकन पद्धतीच्या खोक्यांवर क्लासऐवजी २० ते ३० असं छापलेलं असतं. आपल्या दुकानांत हे सगळंच एका फळीवर असतं. डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर आकडा लिहून घ्या आणि खोक्यावर तोच आकडा शोधा. ज्यावर आकडाच नाही आणि 'फ्री साइज' लिहिलंय, ते औषध नव्हे. पाऊल उघडं ठेवणारी नुसती पोटरीची नळीही तुम्हाला नको, तुमच्यासारख्या सुजेत पाणी खाली पावलात जमा होतं. ऑपरेशननंतर पडून असताना घालतात ते पांढरे मोजे कोणी घरातले काढून दिले तर तेही घेऊ नका. ते अंथरुणावरच्या माणसासाठी असतात, उभं राहून शिकवणाऱ्या बाईला त्यांचा दाब पुरत नाही.

तुम्ही शुगरचा उल्लेख शेवटी केलात, मला तो आधी हवा होता. बाहेरून दाब देण्याआधी पायाला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्या ठीक आहेत का ते बघावंच लागतं. त्यासाठी डॉप्लरने, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्राने, घोट्याशी वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. उत्तर ०.८ च्या वर असेल तर पुढे जायचं, ०.५ ते ०.८ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेला कमी दाबच, ०.५ च्या खाली असे मोजे अजिबात नाहीत. शुगरमध्ये धमन्यांच्या भिंती कडक होतात आणि हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो. म्हणून १.३ च्या वर आला तर आनंद मानू नका, पायाच्या बोटाचा दाब मोजून घ्या. तळपायाला बधिरपणा असेल तर मोजा रुततोय हे तुम्हाला कळणारच नाही, मग दिवसातून दोनदा काढून टाच, नडगी आणि बोटं डोळ्यांनी बघायची. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम लागली, तर मोजा चढवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती आत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. झोपल्यावर दम लागत असेल, तर सूज हृदयाची आहे का हे आधी तपासा.

सुजेचं कारण दर वेळी शिराच असते असंही नाही. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू असेल तर तिच्याने घोटे सुजतात, डॉक्टरांना विचारा, स्वतः गोळी बंद करू नका. दोन्ही पाय नितंबांपासून घोट्यापर्यंत सारखे जाड, दाबलं की दुखतात, जरा लागलं की निळे डाग पडतात, आणि पावलं मात्र बारीक, असं असेल तर तो लिपीडीमा, म्हणजे कातडीखाली चरबी साठण्याचा आजार, असू शकतो. वजन कमी करूनही असे पाय फारसे उतरत नाहीत आणि त्या बायकांना उगीच बोलणी खावी लागतात. आणि पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नसेल, तर लसिकेची (लिम्फची) सूज धरून चालायची. आमच्या विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, हत्तीपायामुळे हे बरंच दिसतं. या दोन्हींत सपाट वीणच चालते.

घालायची वेळ सकाळी उठल्यावर. तुम्ही आंघोळ करून घालत असाल तर आंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं पाय उशीवर ठेवून पडा आणि बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडे करा, दमट कातडीवर मोजा सरकत नाही. खोबरेल रात्री मोजे काढल्यावर लावा, सकाळी नको. भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवा, खरखरीत तळव्याचे. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाच बरोबर टाचेवर आणा, मग तळव्यांनी चोळत चोळत वर न्या. वरचा काठ धरून ओढू नका, भरदार पोटरीवर सगळं कापड वर गोळा होतं ते याच्यामुळेच. जोडवी आधी काढा, नाहीतर वीण अडकते आणि धागा निघतो. काढायची नसतील तर बोटं उघडी असलेला मोजा घ्या. आपल्या चपलांनाही तोच बरा पडतो आणि बाथरूममध्ये ओला होत नाही. पैंजण मोज्याच्या आत कधीच नाही, दिवसभरात त्याची कडी कातडीत उमटते.

घातल्यावर पाव तास थांबा, मग उकिडवं बसून उठा. बोटं गुलाबी, मुंग्या नाहीत, टाचेमागे घडी नाही, वरच्या काठाखाली एक बोट सरकतं, असं असेल तर शाळेत जा. संध्याकाळी काढल्यावर विणीची बारीक नक्षी उमटलेली असणं बरोबर आहे, वरच्या काठाशी हात फिरवताना खोबण लागली तर चूक. पहिल्या आठवड्यात रोज दोन तासांनी वाढवत न्या. झोपताना काढायचे.

जोड्या दोन हव्यात. हे मोजे रोज धुवायचे असतात, साध्या साबणाने, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, सावलीत वाळवायचे. पावसाळ्यात एका जोडीवर भागत नाही, पंख्याखालीही ते रात्रभरात वाळत नाहीत आणि ओलसर मोज्याने बेचक्यांत चिखल्या होतात. इस्त्री करून वाळवू नका, लवचिक धागा मरतो. नीट वापरले तरी साधारण सहा महिन्यांनी दाब उतरतो. सहज चढायला लागले म्हणजे पाय सुधारला असं नाही, मोजा संपला असं समजा आणि नवा घेण्याआधी पुन्हा माप घ्या.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात डॉप्लरची तपासणी आणि चिठ्ठीवर दाबाचा आकडा. अंगठ्याचा खळगा राहत असेल तर आधी बँडेज. मग सकाळचं माप, रुंद पोटरीच्या तक्त्यात बघणं, आणि ४८ बसत नसतील तर सपाट विणीची मापाची जोडी. ती येईपर्यंत तपासणी ठीक आली असेल तर वेल्क्रोचं आवरण. वर्गात उभं राहताना दर दहा मिनिटांनी टाचा वीस वेळा उचला, मोजे घातलेले असताना त्याचा फायदा जास्त होतो. घरी असलेल्या दोन्ही जोड्या बाजूला ठेवा. वळ उठतात म्हणून 'लार्ज'चा वरचा पट्टा कात्रीने कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तिथून वीण उसवत खाली येते आणि उरलेला काठ गुंडाळला जाऊन पोटरीच्या ऐन जाड भागावर जाऊन बसतो.